पॅकेज म्हणजे लोणचं नव्हे

लांब पोस्ट आहे, आधीच सांगून ठेवते. विषयही नेहमीचा नाही. पण रस्ते, पाणी, शाळा यांच्याइतकाच हा विषय सार्वजनिक आहे. फक्त त्यावर मोर्चा निघत नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

मुद्दा एवढाच: लिनक्सच्या कुठल्याही डिस्ट्रोमध्ये एखादं पॅकेज 'स्टेबल' म्हणून जाहीर करण्याआधी त्या पॅकेजच्या स्वतःच्या टेस्ट चालवायलाच हव्यात. त्या न चालवता मारलेला 'स्टेबल'चा शिक्का खोटा आहे. मग तो मारणारा माणूस कितीही सज्जन, कष्टाळू आणि बिनपगारी असो.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते.

आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते एका कारखान्यात तयार होत नाही. कर्नल एकीकडे बनतो, छपाईचं सॉफ्टवेअर दुसरीकडे, पडद्यावर अक्षरं मांडणारी लायब्ररी तिसरीकडे. हे हजारो तुकडे जगभरातून गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि सामान्य माणसाला एका कमांडमध्ये बसवता येतील असे बांधून द्यायचे, हे काम डिस्ट्रो करते. डेबियन, जेंटू, फेडोरा, ओपनसुसे ही त्यातली मोठी नावं. डेबियनच्या २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत ६४,००० हून जास्त पॅकेजं होती. उबंटू डेबियनवर उभी आहे. आपल्या सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवर उभी आहे. केरळच्या सरकारी शाळांत चालणारी लिनक्स उबंटूवर, म्हणजे पर्यायाने डेबियनवरच उभी आहे. वर कोण राहतंय हे खाली पाया भरणाऱ्याला माहीतही नसतं.

आता 'स्टेबल' म्हणजे काय? बाजारात भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो ना, तसं. त्या शिक्क्याचा अर्थ 'हा काटा दिसायला चांगला आहे' असा नसतो. कुणीतरी त्यावर प्रमाणित वजनं ठेवून पाहिली आणि काटा बरोबर आला, असा तो अर्थ असतो. वजनं न ठेवता शिक्का मारणाऱ्या इन्स्पेक्टरला आपण काय म्हणू, ते इथे लिहीत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत गंमत अशी की ही प्रमाणित वजनं बहुतेक वेळा पॅकेजच्या पोटातच मिळतात. मूळ लेखकांनी ती लिहून ठेवलेली असतात. अमुक आकडे दिले तर अमुक बेरीज आली पाहिजे, तुटकी फाइल दिली तर प्रोग्रॅम कोसळता कामा नये, २९ फेब्रुवारी दिला तर पुढचा दिवस १ मार्च आला पाहिजे. अशा शेकडो, कधी हजारो टेस्ट. एक कमांड द्यायची आणि मशीन स्वतःच सगळ्या चालवून पास-नापास सांगतं. वजनं काट्याच्या शेजारीच ठेवलेली आहेत. फक्त उचलून ठेवायची आहेत.

हे होतं का? काही ठिकाणी होतं, आणि ते कौतुकाने सांगितलं पाहिजे.

जेंटूमध्ये नवं पॅकेज आधी चाचणीच्या शाखेत येतं. साधारण ३० दिवस तिथे राहिलं, मोठी तक्रार आली नाही, की ते स्टेबल करण्याची विनंती नोंदवली जाते. मग प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी असलेले टेस्टर ते बांधून पाहतात. सेटिंगमध्ये 'टेस्ट' असा एक शब्द घातला की बांधणीच्या वेळी पॅकेजच्या टेस्टही चालतात. टेस्टरने तो घालून पाहावा अशीच अपेक्षा आहे. शिवाय त्या पॅकेजवर अवलंबून असलेली दुसरी पॅकेजंही तपासावीत, अशीही अपेक्षा आहे.

डेबियनची पद्धत जास्त यांत्रिक आहे, आणि म्हणूनच मला आवडते. नवी आवृत्ती आधी 'अनस्टेबल'मध्ये येते. तिथून 'टेस्टिंग'मध्ये जायला तातडी पाहून २, ५ किंवा १० दिवस थांबावं लागतं. पण नुसतं थांबून भागत नाही. पॅकेज प्रत्यक्ष बसवल्यावर चालवायच्या टेस्ट जिथे लिहिलेल्या आहेत, तिथे त्या आपोआप चालतात. नव्या लायब्ररीमुळे तिच्यावर उभं असलेलं दुसरंच पॅकेज मोडलं, तर लायब्ररी दारातच अडते. टेस्ट पास झाल्या तर थांबण्याचा काळ कमी होतो. म्हणजे टेस्ट लिहिणाऱ्याला बक्षीस आहे आणि मोडणाऱ्याला अटकाव आहे. याला म्हणतात व्यवस्था.

मग तक्रार कशाची?

तक्रार त्या मनोवृत्तीची, जी या व्यवस्थेच्या आत राहून तिला पोकळ करते. बांधणीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची आणि सगळ्या टेस्ट बंद करायच्या. कारण? लिहायचं नाही, किंवा 'टेस्ट नापास होतात' एवढंच लिहायचं. टेस्ट नापास होतात म्हणून टेस्ट बंद! थर्मामीटर १०३ दाखवतोय म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार. आणि मग दिवस भरायची वाट बघायची. ३० दिवस झाले, कुणी ओरडलं नाही, चला, स्टेबल.

मित्रहो, पॅकेज म्हणजे लोणचं नव्हे. बरणीत घालून फडकं बांधलं आणि महिनाभर माळ्यावर ठेवलं की ते मुरत नाही. ३० दिवसांनी ते तेच असतं जे पहिल्या दिवशी होतं. त्या दिवसांचा उपयोग एकच: दरम्यान कुणीतरी ते वापरावं आणि चूक सापडली तर सांगावी. पण वापरतं कोण? चाचणीची शाखा वापरणारे बहुतेक हौशी, नव्या मशीनवाले. जुन्या ३२-बिट मशीनवर, किंवा संख्या उलट्या क्रमाने साठवणाऱ्या एखाद्या मेनफ्रेमवर ते पॅकेज त्या महिन्यात कुणी उघडलंही नसेल. तिथली शांतता म्हणजे 'सगळं ठीक' नव्हे. ती रिकाम्या घराची शांतता आहे. टेस्ट मात्र त्या रिकाम्या घरातही चालवता येते.

यावर ज्या सबबी ऐकायला मिळतात त्या एकेक करून घेते.

पहिली सबब: 'मूळ लेखकांनी टेस्ट केलंय की, आपण परत कशाला?'

कारण तुम्ही जे वाटताय ते मूळ लेखकांनी टेस्ट केलेलं नाही. त्यांनी ते त्यांच्या मशीनवर, त्यांच्या कंपायलरने, त्यांच्याकडच्या लायब्ररींसोबत तपासलं. तुम्ही कंपायलर बदलला, लायब्ररी बदलल्या, वर स्वतःचे दोन-चार पॅच लावले. आता ती वस्तू तुमची आहे.

२००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलला असाच एक पॅच लागला. स्मृती तपासणारं एक साधन इशारे देत होतं, ते इशारे बंद व्हावेत म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण त्या ओळींसोबत किल्ली बनवताना लागणारी जवळजवळ सगळी यादृच्छिकता गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी फक्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं, तोपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ डेबियन आणि उबंटूवर बनलेल्या किल्ल्या कुणालाही मोजून काढता येतील अशा होत्या. त्या पॅचसाठी मूळ लेखकांच्या टेस्टचा हवाला देऊन काय उपयोग होता? तो पॅच त्यांच्याकडे नव्हताच. तयार टेस्टनीही ही चूक पकडली नाही, हेही खरं. पण त्यातून निघणारा धडा 'टेस्ट निरुपयोगी' हा नाही. आपण काही बदललं तर त्या बदलाची टेस्ट आपण लिहायची, हा आहे. बत्तीस हजारांहून थोड्या जास्त किल्ल्या बनवून दोन सारख्या निघतात का हे बघणारा लूप कॉलेजातलं पोरही लिहील.

दुसरी सबब: 'फार वेळ लागतो.'

लागतो. जीसीसीसारख्या कंपायलरच्या सगळ्या टेस्ट चालवायच्या तर साध्या मशीनवर तासन् तास जातात, जुन्या मशीनवर त्याहून जास्त. ही अडचण खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. पण वेळ मशीनला लागतो, माणसाला नाही. रात्री लावून झोपायचं, सकाळी निकाल बघायचा. आणि अशी जड पॅकेजं किती? बोटांवर मोजण्याएवढी नसतील, पण बहुसंख्य पॅकेजांच्या टेस्ट चहा होईपर्यंत संपतात. मोजक्या जड पॅकेजांचं कारण पुढे करून बाकी हजारो पॅकेजांना सूट द्यायची, हा न्याय कुठला?

तिसरी सबब: 'टेस्टच भरवशाच्या नाहीत. कधी पास, कधी नापास.'

ही सबब सगळ्यात जास्त ऐकू येते आणि हिच्यात तथ्यही आहे. काही टेस्टना इंटरनेट लागतं, आणि बांधणीच्या वेळी इंटरनेट मुद्दाम बंद असतं. काही टेस्ट 'परवानगी नाकारली गेली पाहिजे' असं तपासतात आणि रूट म्हणून चालवल्या की नापास होतात, कारण रूटला कुणी काही नाकारत नाही. काहींच्या पोटात एखादं प्रमाणपत्र असतं आणि त्याची मुदत संपते. काही वेळेच्या काट्यावर चालतात आणि मशीन दमलेलं असलं की चुकतात.

पण बघा, यातलं प्रत्येक कारण शोधता येतं आणि प्रत्येकाला नाव देता येतं. ज्या टेस्टला इंटरनेट लागतं तेवढी एक वगळा. नावाने वगळा, शेजारी बगचा क्रमांक लिहा. दोनशे टेस्टपैकी एक खोडकर आहे म्हणून एकशे नव्व्याण्णवांना घरी पाठवायचं? वर्गात एक पोरगं दंगा करतं म्हणून शाळाच बंद?

शिवाय 'विचित्र' वाटणारी टेस्ट पुष्कळदा खरंच बोलत असते. तुर्की भाषेच्या सेटिंगमध्ये छोट्या 'आय'चं मोठं अक्षर इंग्रजीसारखं होत नाही, त्यावर टिंब राहतं. या एका टिंबाने कितीतरी प्रोग्रॅम मोडले आहेत. इंग्रजी मशीनवर बसलेल्या माणसाला ती टेस्ट विचित्र वाटते. तुर्की माणसाला ती रोजची अडचण वाटते. आपण मराठी लोकांनी तरी हे समजून घ्यायला हवं. यावर पुढे येतेच.

चौथी सबब: 'ही टेस्ट आधीच्या आवृत्तीतही नापासच होती. नवं काही मोडलेलं नाही.'

ही सबब सगळ्यात सभ्य दिसते आणि माझ्या मते सगळ्यात घातक आहे. तर्क असा की नव्या आवृत्तीने परिस्थिती बिघडवली नसेल तर तिला अडवू नये. तातडीची सुरक्षा दुरुस्ती असेल तर हे मला मान्य आहे. पण मग त्या जुन्या नापासाचं काय होतं? काहीच नाही. दर वेळी तोच शेरा: आधीपासून नापास. पाच वर्षं तोच शेरा. नगरपालिकेत 'धोकादायक इमारत' अशी पाटी लावून तिच्याखाली पिढ्यान्पिढ्या लोक राहतात, तसं. पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली. 'आधीपासून नापास' हे कारण एकदा चालेल. दुसऱ्यांदा तेच कारण आलं तर त्यासोबत बगचा क्रमांक आणि कुणीतरी तो पाहतंय याचा पुरावा हवा.

पाचवी सबब नवी आहे, २०२४ नंतरची: 'अहो, एक्सझेडमध्ये तर टेस्टच्या फाइलमध्येच विष होतं!'

हो, होतं. एक्सझेड या दाबून-साठवण्याच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार घुसवलं गेलं आणि त्याचा मुख्य भाग टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलमध्ये लपवला होता. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत ते पोहोचलं, स्टेबलपर्यंत नाही. पण नीट वाचा. ते विष टेस्ट चालवल्याने बाहेर आलं नाही. ते बांधणीच्या स्क्रिप्टने बाहेर काढलं, आणि ती स्क्रिप्ट टेस्ट बंद ठेवल्या तरी चालणारच होती. म्हणजे टेस्ट बंद ठेवणारे त्या दिवशी एक कणही जास्त सुरक्षित नव्हते.

आणि ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. त्यांच्या डेबियन मशीनवर लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि प्रोसेसर उगाच तापत होता. ते खणत गेले. तेव्हा त्यांना आठवलं की काही आठवड्यांपूर्वी, पॅकेजं अपडेट झाल्यानंतर, पोस्टग्रेसच्या स्वयंचलित टेस्टमध्ये एक चमत्कारिक इशारा आला होता. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. टेस्टमधला एक बारीकसा, कुणीही दुर्लक्ष केलं असतं असा इशारा, तोही या साखळीतली एक कडी होता. ज्याला टेस्टविरुद्धचा पुरावा म्हणून नाचवलं जातं, तो टेस्टच्या बाजूचा साक्षीदार आहे.

आता या सगळ्याची किंमत कोण मोजतं, ते सांगते.

मी लहान संस्थांच्या मशीनची देखभाल करते. पतसंस्था, वाचनालयं, दोन-तीन शाळा. त्यांच्याकडे आयटी विभाग नसतो. 'स्टेबल' हा शब्द हाच त्यांचा आयटी विभाग. एका पतसंस्थेत जुनं ३२-बिट मशीन होतं. स्टेबल शाखेतून रीतसर अपडेट आलं आणि त्यानंतर व्याजाच्या तक्त्यात काही खात्यांवर एक-एक पैशाचा फरक यायला लागला. एक पैसा! पण बेरीज जुळेना. क्लार्क ताई तीन संध्याकाळी बसून हाताने आकडे पडताळत होत्या. ऑडिटरने त्यांना विचारलं, 'मागच्या तिमाहीपर्यंत जुळत होतं, आताच कसं चुकायला लागलं?' प्रश्न साधा होता, पण तो कुणाकडे बघून विचारला जात होता हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

मी आकडेमोड करणाऱ्या लायब्ररीचा सोर्स उतरवला आणि तिच्या स्वतःच्या टेस्ट त्याच मशीनवर चालवल्या. तीन नापास. त्यातली एक थेट राउंडिंगची. जुन्या ३२-बिट प्रोसेसरचा गणित करणारा भाग मधल्या पायऱ्यांत जास्त अंक धरून ठेवतो, त्यामुळे शेवटी वेगळीकडे गोल होतो. ही चाळीसेक वर्षं जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि लेखकाने नेमकी त्यासाठीच टेस्ट लिहून ठेवली होती. पॅकेजच्या फाइलमध्ये मात्र सगळ्या टेस्ट बंद होत्या. शेजारी शेरा होता: फार वेळ लागतो. माझ्या त्या म्हाताऱ्या मशीनवर अकरा मिनिटं लागली.

ती अकरा मिनिटं एका ठिकाणी वाचवली गेली. ताईंच्या तीन संध्याकाळी आणि त्यांच्या नावावरचा संशय, ही त्याची दुसऱ्या ठिकाणी भरलेली किंमत.

हे फार मोठं करून सांगते असं वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसची होरायझन प्रणाली आठवा. तिथे डिस्ट्रोचा प्रश्न नव्हता, पण गाभा हाच होता. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक, आणि चोर ठरवले गेले छोटी पोस्ट ऑफिसं चालवणारे लोक. ९०० हून जास्त जणांना शिक्षा झाल्या, काहींना तुरुंग. कॉम्प्युटर चुकला तर दोष काउंटरवरच्या माणसावर येतो. तो कधीच वर चढत नाही, नेहमी खाली उतरतो. म्हणून वर बसलेल्याने शिक्का मारताना वजन ठेवून बघायचं असतं.

१९ जुलै २०२४ तर सगळ्यांच्याच लक्षात असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरले, त्याचे फोटो आपण हसत हसत शेअर केले. ती फाइल तपासणाऱ्या यंत्रणेतच चूक होती, आणि तिने 'ठीक' म्हटल्यावर ती एकदम सगळीकडे पाठवली गेली. आधी थोड्या मशीनवर लावून बघितलं गेलं असतं, तर ते फोटो निघालेच नसते.

आता आपल्या भाषेकडे येते.

'आचाऱ्यांना जेवायला बोलावलं' आणि 'आचार्यांना जेवायला बोलावलं' या दोन वाक्यांत फरक आहे की नाही? पहिल्यात स्वयंपाकी जेवणार, दुसऱ्यात गुरुजी. तसंच 'दऱ्या' आणि 'दर्या'. डोंगरातून थेट समुद्रात. हा फरक कॉम्प्युटरवर कोण सांभाळतं? अक्षरं मांडणारी लायब्ररी. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि अँड्रॉइडमध्येही हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. अर्धा ऱ असा आडवा काढायचा आणि रफार असा वर चढवायचा, हे नियम तिच्या आत आहेत आणि तिच्या टेस्टमध्ये देवनागरीची उदाहरणंही आहेत.

आता समजा एखाद्या डिस्ट्रोने ती लायब्ररी टेस्ट न चालवता स्टेबल केली आणि आडवा ऱ मोडला. ३० दिवस कोण ओरडणार? चाचणीची शाखा वापरणारे किती जण मराठी कागद छापतात? इंग्रजी, जर्मन, फ्रेंच सगळं व्यवस्थित. महिना संपला, शिक्का बसला. कळणार कधी? एखाद्या ग्रामपंचायतीत दाखला छापल्यावर. लोकांच्या ओरडण्यावर भिस्त ठेवणारी पद्धत मोठ्या भाषांना पुरते, आपल्याला पुरत नाही. टेस्टला मात्र सगळ्या भाषा सारख्या. तिच्यापुढे मराठीची ओळ आणि इंग्रजीची ओळ यांचं वजन एकच. म्हणून म्हणते, टेस्ट चालवण्याची मागणी ही काही इंजिनियर लोकांची हौस नाही. ज्यांचा आवाज लहान आहे त्यांच्या बाजूने बोलणारी ती एकच गोष्ट त्या प्रक्रियेत आहे.

'मग स्वयंसेवकांवर कशाला ओरडताय? फुकट काम करतात बिचारे.'

बरोबर. म्हणून सगळा राग त्यांच्यावर काढत नाही. डेबियन आणि जेंटू बहुतांशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. एकेक जण पन्नास-पन्नास पॅकेजं सांभाळतो, नोकरी-संसार सांभाळून. त्यांच्याकडून माझी मागणी छोटी आहे आणि ती पैशांची नाही, प्रामाणिकपणाची आहे.

एक. स्टेबल करताना नोंद ठेवा: टेस्ट चालवल्या, चालवल्या नाहीत, की नापास झाल्या. 'चालवल्या नाहीत' असं लिहिलं तरी चालेल. निदान वापरणाऱ्याला कळेल की या काट्यावर वजन ठेवलेलं नाही.

दोन. टेस्ट बंद करायची तर एकेक, नावाने, कारण आणि बगच्या क्रमांकासह. सगळ्या सरसकट बंद करणं हा अपवादातला अपवाद हवा.

तीन. आपण पॅच लावला, तर त्या पॅचची टेस्ट आपण लिहायची.

चार. एखाद्या प्रोसेसरवर टेस्ट चालवायला मशीनच नसेल, तर त्या प्रोसेसरसाठी 'स्टेबल' म्हणू नका. 'टेस्टिंग' म्हणा. त्यात कमीपणा नाही. खोट्या शिक्क्यापेक्षा शिक्का नसलेला बरा.

आणि आता खरी मागणी, जी दुसऱ्यांकडे आहे.

केंद्र सरकारने २०१५ साली ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. उत्तम. पण फुकट मिळतंय म्हणून घेणं म्हणजे धोरण नव्हे. त्या सॉफ्टवेअरवर कार्यालयं, शाळा, बँका चालवायच्या आणि ते तपासायचं काम मात्र परदेशातल्या कुणा विद्यार्थ्याने रात्री जागून करायचं, याला आयतं खाणं म्हणतात. आपल्याकडे इंजिनियरिंग कॉलेजं कमी नाहीत. शेवटच्या वर्षाला 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' नावाचा तोच तो प्रोजेक्ट पिढ्यान्पिढ्या झेरॉक्स होतो. त्याऐवजी एका बॅचने शंभर पॅकेजांच्या टेस्ट चालवून, नापासांची कारणं शोधून, बग नोंदवून दाखवावेत. लॅबमधली मशीन रात्री रिकामीच असतात. टेस्टना माणूस लागत नाही, वीज आणि मशीन लागतं. जी संस्था लिनक्सवर शंभर मशीन चालवते, तिने एक मशीन टेस्टसाठी दिलं तर ती देणगी होत नाही. आपल्याच घराचा पाया बघण्याचा तो खर्च आहे.

आणि हे पुढे ढकलण्यातली गोष्टही नाही. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिट घड्याळं भरून उलटी फिरणार आहेत, म्हणून डिस्ट्रो आत्तापासून तारखेचा साठा ६४-बिटवर नेत आहेत. डेबियनने २०२४ मध्ये आपल्या ३२-बिट आर्म शाखेसाठी हा बदल केला. हजारो पॅकेजं पुन्हा बांधली गेली. तारीख म्हणजे काय? व्याज, भाडेकरार, जन्मदाखला, पेन्शन. एवढा मोठा बदल पचला की नाही हे माळ्यावर बरणी ठेवून कळणार नाही. तारखेच्या टेस्ट चालवूनच कळेल.

ताईंचं काय झालं, असं कुणी विचारेल. त्यांच्या मशीनवर जुनी आवृत्ती बसवली, आकडे जुळले, ऑडिटरला टेस्टचा निकाल छापून दिला. त्या कागदावर 'अपेक्षित' आणि 'प्रत्यक्ष' अशा दोन रांगा होत्या, आणि शेवटच्या अंकात फरक होता. त्या कागदाने त्यांची बाजू मांडली. तो कागद त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधी, शिक्का मारणाऱ्याच्या टेबलावर निघायला हवा होता.

तुमच्यापैकी जे डिस्ट्रोत काम करतात त्यांना एकच विनंती: पुढचं पॅकेज स्टेबल करताना ती एक कमांड द्या. नापास झालं तर थांबा. पास झालं तर अभिमानाने शिक्का मारा.

बाकीच्यांनी आपल्या ऑफिसात, कॉलेजात, पतसंस्थेत एवढंच विचारा: 'आपण जे अपडेट घेतो, त्याच्या टेस्ट कुणी चालवल्या?' उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, मी इथेच आहे.